सतरा सप्टेंबरच्या भाषणाविषयी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

यंदाही सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या, ध्वजारोहणासाठी शाळेने बाबांना बोलावले असल्याचे आईने फोनवर सांगितले. भाषणाची जुनी वही कपाटातून निघाली आहे, हेही तिच्याकडूनच कळले. त्या भाषणाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. फोनवर हा विषय निघाला की आपण घाईने बोलतो आणि तो अर्धवट राहतो, म्हणून सावकाश लिहीत आहे.

बाबा, झेंड्यावरचे प्रेम मी तुमच्याकडूनच शिकले. ध्वजारोहणाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ओसरीच्या खांबाला दोरी बांधून सरकगाठीचा सराव करायचा आणि मी खाली बसून बघत असायची. खादीचा ध्वज पेटीतून निघाला की डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरायचा. त्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या मूठभरच घालायच्या, जास्त घातल्या तर ओझ्याने गाठ अडकते आणि सगळ्या गावासमोर झेंडा उघडत नाही, हे तुम्ही मला किती वेळा बजावले असेल! आपल्या नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांचे कापड उदगीरला विणले जाते, हे तुम्ही वर्गात सांगत असताना तुमचा आवाज थोडा बदलायचा. आजही राष्ट्रगीत सुरू झाले की माझा गळा दाटून येतो. यात कधी खंड पडला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढे कृपया लक्षात असू द्यावे.

गेल्या पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झाले. ध्वनिक्षेपकावर गाणी, मुलांच्या गालांवर तिरंगा, सगळ्यांच्या खिशाला बिल्ले, असा नेहमीचाच थाट होता. मग घोषणा सुरू झाल्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक मुस्लिम गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते आणि तेही घोषणा देत होते. समितीतील एकाने त्यांच्याकडे बघून हसतच म्हटले, ‘तुमचा आवाज काही ऐकू आला नाही.’ ते थोडे मोठ्याने म्हणाले. त्याने पुन्हा तेच विचारले. तिसऱ्या वेळी ते गृहस्थ मानेच्या शिरा ताणून ओरडले, तेव्हा चार-दोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा बापाच्या तोंडाकडे बघत होता. मी तीन हातांवर उभी होते, माझा आवाज किती मोठा आहे हे मला कोणीही विचारले नव्हते, आणि मी गप्प राहिले. ते गप्प राहणे त्या दिवसापासून मला खात आहे. घरी येऊन बिल्ला काढताना मला आजीची आठवण झाली.

पंधरा ऑगस्ट १९४७ रोजी उरलेला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण निजामाच्या अमलाखाली होतो, हैदराबाद संस्थानातील लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली, आणि आपल्याला स्वातंत्र्याचे तोंड पाहायला तेरा महिने वाट पाहावी लागली, हे तुम्ही दरवर्षी सांगता. निजामाची बाजू घेणाऱ्या कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार, सोलापूरकडच्या सरहद्दीवरील स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पमध्ये चिठ्ठ्या पोहोचवणारे आजोबा, त्यांच्या शोधात रझाकार घरात शिरले तेव्हा धान्य साठवायच्या खोल बळदात लपवून ठेवलेली कागदपत्रे, आणि १३ सप्टेंबरला सुरू होऊन १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेली भारतीय लष्कराची पोलीस ॲक्शन, हे सारे खरे आहे. आजोबांचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. तुमचे भाषण मात्र सतराच्या संध्याकाळी थांबते, आणि आजीची गोष्ट तिथूनच पुढे सुरू होते.

ती मी १९९३ साली ऐकली. ३० सप्टेंबरच्या पहाटेचा भूकंप झाल्यावर आपण कितीतरी रात्री खळ्यात ताडपत्रीखाली झोपत होतो. बाबा दिवसभर किल्लारीला मदतीला जायचे आणि लष्कराचे जवान तोंडाला फडकी बांधून ढिगाऱ्यांतून माणसे कशी काढतात ते रात्री सांगायचे. अशाच एका रात्री, तुम्ही झोपल्यावर, आजी म्हणाली, ‘लष्कर म्या आधी बी बघितलंय.’ ॲक्शन झाली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची सून होती. निजामाची सत्ता गेली आणि आठवड्याभरात आसपासच्या गावांतून बायाबापड्यांच्या किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या, फक्त या वेळी घरे दुसऱ्यांची होती. शेजारच्या मुस्लिम आतारांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता. त्यांचा कर्ता माणूस बाजाराला गेला तो परतलाच नाही. त्याची बायको आणि दोन लेकरे आजीने आपल्या बळदात उतरवली, त्याच बळदात, ज्यात आजोबांचे कागद लपले होते. तीन रात्री ती वरून दोरीने तांब्या आणि भाकरी सोडत होती. धाकट्याला खोकला होता, म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा धरून ठेवायला तिने त्याच्या आईला सांगितले होते. ‘खडा विरघळला की माझा जीव वर यायचा बघ,’ ती म्हणाली होती. आजोबांना हे माहीत होते का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘बळदाच्या तोंडावर बाज टाकून झोपला कोण मग? तुझ्या बापाला बी ठाव हाय सगळं.’

बाबा, तुम्हाला ठाऊक आहे. तरीही वहीत ते नाही.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार हे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पाहणीसाठी आपल्या भागात फिरले होते. ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी आपल्या अहवालात नोंदवला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते, आणि आपला लातूर परिसर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत होता. रझाकारांच्या जुलमाची नोंदही त्यांनी केली आहे, आणि जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंचीही. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही. मी तो वाचला तेव्हा मला आपले बळद दिसत होते.

तुमची अडचण मला समजते. मुक्तिदिनाच्या दिवशी असे बोलल्यास रझाकारांची बाजू घेतल्यासारखे दिसेल, हुतात्म्यांचा अवमान झाला असे कोणी म्हणेल, आणि हल्ली लोक भाषणातले एकच वाक्य मोबाइलवर फिरवतात, ही भीती खोटी नाही. आईलाही याच कारणाने माझे म्हणणे आवडणार नाही. परंतु आजोबांनी निजामाविरुद्ध चिठ्ठ्या वाहिल्या आणि त्याच आजोबांनी शेजाऱ्याच्या लेकरांसाठी बाज आडवी टाकली, यातले पहिले काम देशाचे आणि दुसरे फक्त घरचे, अशी वाटणी मला मान्य नाही. सोसायटीतल्या त्या सकाळी, बाबा, तुमच्या भाषणातून हे दुसरे काम मी लहानपणीच ऐकलेले असते, तर कदाचित मी पुढे होऊन चार शब्द बोलले असते. हा दोष मी तुमच्यावर ढकलत नाही, गप्प मीच राहिले. पण शाळेच्या मैदानावर समोर बसणाऱ्या मुलांत आतारांच्या वस्तीतील मुलेही असतात, आणि मुक्तीची गोष्ट ऐकताना ती दरवर्षी मान खाली घालून बसतात, हे मी विद्यार्थिनी असताना पाहिले आहे. त्या काळी मला त्याचे कारण कळत नव्हते.

म्हणून विनंती एवढीच की आहे ते भाषण जसेच्या तसे ठेवा, त्यातला एकही शब्द गाळू नका, आणि शेवटी आजीच्या त्या तीन रात्री सांगा. पाच मिनिटे पुरतील. आकडे सांगू नका, वादाला तोंड फुटेल; भाकरी, तांब्या आणि गुळाचा खडा एवढेच सांगा. ज्यांना राग येईल त्यांनी घरी येऊन बळद बघावे, ते अजून आहे.

मी सोळा तारखेला दुपारच्या गाडीने निघून रात्री जेवायला पोहोचते. बाबांच्या हाताला हल्ली कंप सुटतो असे आई म्हणत होती, त्यामुळे गाठ मी बांधीन, तुम्ही शेजारी उभे राहून बघा. आईने ध्वज पेटीतून काढून उन्हात न घालता सावलीत झटकून ठेवावा. झेंडू मी येताना लातूरच्या बाजारातून आणते.

तुमची लेक