मागच्या भिंतीला सिमेंट मारण्याआधी

अबिकियूजवळ, न्यू मेक्सिको

तीर्थस्वरूप अण्णाकाका आणि काकूंस साष्टांग नमस्कार.

माळवदाच्या मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरतंय, असं फोनवर म्हणालात. गवंड्याला इसार दिला नसेल तर जरा थांबा. आम्ही सध्या चामा नदीकाठी मित्रांच्या रँचवर आहोत. इथली जुनी घरं कच्च्या विटांची. हे लोक अडोबी म्हणतात. आपले भेंडेच ते.

रँचोस द ताओस गावातल्या सान फ्रान्सिस्को चर्चची गोष्ट तुमच्या भिंतीला जशीच्या तशी लागू पडते. दरवर्षी लिंपायची कटकट नको म्हणून १९६७ साली त्याच्या भिंतींना सिमेंट केलं. दिसायला ठणठणीत. पण सिमेंटला केसाएवढ्या चिरा जातातच. तिथून पाणी आत शिरलं आणि त्याला सुकून बाहेर पडायला वाट राहिली नाही. आतली माती भिजून खचायला लागली, तरी बाहेरून कळेना. शेवटी १९७९ साली सगळं सोलून परत मातीच लिंपली. आता दर उन्हाळ्यात गाव जमतं आणि हातानं लिंपतं. मातीचा गिलावा झिजतो ते खरं, पण भिंतीच्या वाटचं तोच झिजतो.

तुमची भिंत खालूनच फुगलीय ना? मग आधी पायथा बघा. जमिनीतली ओल भिंतीत दोन-तीन फूट वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि माती भुसभुशीत करतात. तोच आपला लोणा. त्यानं भिंतीला पायाशी आत खोबण पडते आणि वरचं वजन तेवढ्याच कमी जागेवर येतं. म्हणून आधी भिंतीलगतची साचलेली माती उकरून जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवा. मग भिंत कोरडी होऊ द्या, त्याला महिनेही लागतील. खोबण भेंड्यांनी आणि मातीच्याच गाऱ्यानं भरा. भिंतीपेक्षा कडक गारा घातला तर फुटते भिंतच.

छपराचंही बघा. इथली धाबी आपल्यासारखीच: गोल तुळया, त्यांवर काटक्यांचा थर, वर माती. तुळयांना विगा म्हणतात, पन्हळींना कनालेस. पन्हळ भिंतीपासून चांगली पुढे काढलेली, आत पत्रा, आणि पाणी पडतं तिथं खाली दगडगोटे. पालापाचोळ्यानं एक पन्हळ तुंबली की पाणी कठड्यावरून उतरतं आणि त्याच जागी भिंतीला ओघळ पडतो. इथं वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी ही काळजी. आपल्याकडे त्याहून जास्त पडतो.

इथली वीट १४ इंच लांब, १० रुंद, ४ जाड. वजन साधारण १५ किलो. साचा उचलला की दोन-तीन दिवस सपाट, मग कडेवर उभी करून तीन-चार आठवडे वाळवायची. वाळलेली वीट कमरेएवढ्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघतात. कोपरा उडाला तर चालतो. चुरा झाला तर वाळू जास्त किंवा वीट ओली. सुकताना तडकली तर चिकणमाती जास्त.

लिंपायला काळी माती नको, ती सुकताना भेगाळते. पांढरीची माती घ्या. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवा: तळाशी वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. त्यावरून अंदाज घेऊन एकास दोन, एकास अडीच, एकास तीन अशी वाळू मिसळून भिंतीवर फूटभराचे तीन तुकडे लिंपा. वाळल्यावर जो तडकणार नाही आणि हात फिरवल्यावर झडणार नाही, ते प्रमाण धरा. पहिला थर इंचभर, चार बोटं लांबीचं काड घालून. दुसरा चाळलेल्या मातीचा, पातळ. भिंतीवर आधी पाणी शिंपडा, आणि भर उन्हात काम नको.

सांता फे शहरातली घरंही हिंडून पाहिली. १९५७ च्या नियमानं जुन्या भागात हीच धाटणी ठेवावी लागते, त्यामुळे बरीच घरं आतून लाकडी सांगाडा आणि वरून मातकट रंगाचा गिलावा. खिडकीचा कोनाडा हातभर खोल नसेल आणि भिंत वाजवल्यावर पोकळ वाजली, तर समजायचं. काहींनी तुळयांची नुसती टोकं बाहेरून ठोकलीत! कोपऱ्यातली मातीची शेकोटी मात्र काकूंना आवडेल. तिच्यात लाकडं उभी रचतात, त्यामुळे धूर सरळ वर जातो.

भिंतीच्या पायथ्याचे आणि पन्हळीखालच्या जागेचे फोटो पाठवा. गवंडी आलाच, तर सिमेंटचं पोतं न्हाणीच्या मोरीला वापरू द्या.

तुमची,
सुमा