सुट्टीत मुलांनी लिहिलेलं कुणीतरी वाचायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सुट्टीतल्या ब्लॉगलेखनावर जो लेख आला आहे तो वाचून राहवेना, म्हणून लिहिते आहे. लेखकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवूनच लिहिते. पण ब्लॉग वगैरे शहरातल्या इंग्रजी शाळांसाठी ठीक आहे, आमच्या खेड्यातल्या पोरांना सुट्टीत मोकळं सोडा, असं जे त्यांनी म्हटलं आहे, ते मला अजिबात पटलेलं नाही. माझी सगळी नोकरी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळांत झाली. हा उद्योग मी स्वतः मुलांकडून करून घेतलेला आहे. तेव्हा दोन शब्द माझेही छापावेत.

न्यूझीलंडचं उदाहरण लेखकांनीच दिलं आणि ‘तिकडे पैसा आहे’ एवढं म्हणून सोडून दिलं. ऑकलंड शहरातल्या ज्या मानायाकलानी गटाच्या शाळांनी हे काम सुरू केलं, त्या शाळा श्रीमंतांच्या नाहीत. तिथली बरीचशी मुलं तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कष्टकरी घरांतली. मुलाच्या लॅपटॉपचे पैसेसुद्धा पालक थोडे थोडे करून भरतात. त्यांचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या सुट्टीत मुलं आपापल्या ब्लॉगवर लिहितात आणि शिक्षक, इतर मोठी माणसं ते वाचून उत्तर देतात. सुट्टीनंतर गरीब घरातलं मूल वाचनात मागे पडलेलं दिसतं, म्हणून त्यांनी हे केलं. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघालं होतं. उन्हाळी सुट्टीत साधारण महिन्याभराचं शिकलेलं मागे जातं, आकडेमोड आणि स्पेलिंग सगळ्यात जास्त, आणि वाचनातली घसरण गरीब घरांत अधिक. मग हे आमच्या मुलांच्या उपयोगाचं नाही, असं कसं म्हणता येईल?

आमच्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडते. महाराष्ट्रातली, चंदगड-कागलकडची मामेभावंडं तेव्हा अजून शाळेत जात असतात, त्यामुळे खेळायलाही कुणी नसतं. सात आठवडे हातात पेन्सिल नाही. शाळा उघडल्यावर सुरुवातीचे दिवस सेतुबंधात, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीत जातात. तेव्हा चौथी-पाचवीच्या वर्गात कुणीही यावं आणि ‘प्रार्थना’ लिहायला सांगून पाहावं. मार्चमध्ये ज्यानं बरोबर लिहिलं होतं, त्याचा रफार जूनमध्ये भलत्याच अक्षरावर बसलेला असतो. त्यात आमच्या मुलांना देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या सांभाळाव्या लागतात. हात थांबला की तिन्ही एकदमच अडखळतात.

यावर शाळांचा उपाय म्हणजे सुट्टीचा अभ्यास. रोज एक पान शुद्धलेखन. मूल काय करतं? सगळ्यात छोटा धडा निवडतं आणि सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत तोच तो उतरवून वही भरतं. त्या वह्यांवर तांबड्या शाईची एक बरोबरची खूण पडते आणि त्या कपाटात जातात. एकही ओळ कुणी वाचत नाही आणि हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. अशा लिहिण्यानं कुठली भाषा टिकणार?

लेखकांना मोबाईलची काळजी वाटते, ती मलाही वाटते. पण आमच्या ब्लॉगसाठी एकाही मुलाच्या हातात मोबाईल द्यावा लागला नव्हता. मुलं घरी वहीत लिहायची. आठवड्यातून एकदा सकाळी देवळाच्या मंडपात जमायची, आपलं लिहिलेलं वाचून दाखवायची आणि सातवीतली दोन मुलं माझ्या फोनवर ते मराठीत टाइप करायची. ब्लॉग फुकट तयार होतो, त्याला एक पैसा लागला नाही. मुलाचं आडनाव नाही, फोटो नाही. बाहेरून आलेली प्रतिक्रिया मी आधी वाचायची आणि मगच ती दिसायची, ही सोय त्यातच असते. हवं तर ठराविक लोकांनाच ब्लॉग उघडेल असंही करता येतं. लेखकांनी ही माहिती घेतली असती, तर लेखाचा अर्धा भाग त्यांना लिहावाच लागला नसता.

सहावीतल्या एका मुलीचं सांगते. शाळेत तिचा निबंध म्हणजे चार ओळी, त्याही गाईडमधल्या. मे महिन्यात आमच्या भागात भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी असते, त्यावर तिनं पानभर लिहून आणलं. ‘बाबा कुरी धरूलाल्यात, आई चाड्यावर मूठ धरली आणि मी मागनं ढेकळं फोडूलालो,’ अशी सुरुवात होती. मी ते तसंच ठेवलं. फक्त ‘पेरनी’चं ‘पेरणी’ तिच्याकडूनच करून घेतलं. तिचा काका गोव्यात, म्हापशाला हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्यानं तिथून वाचलं आणि खाली लिहिलं, वळीव पडला का, खालच्या वाफ्यात यंदा इंद्रायणी घातलीत की दुसरं काही, बैल कुणाचे आणलेत?

ती मुलगी त्या प्रतिक्रियेनं जशी कामाला लागली, तसं माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही शुद्धलेखनाच्या वहीनं कुणाला लावलेलं मी पाहिलं नाही. बापाला विचारून आली. पायली-शेराचा हिशेब काढला. ‘इंद्रायणी’ लिहिताना अडली, कारण द्र कसा काढायचा ते विसरली होती. धड्यात तो शब्द कधी आला असता तर ती चुकीचा लिहून पुढे गेली असती. पण आता काका वाचणार होता. तिनं मला विचारलं, जुन्या पुस्तकात ‘चंद्र’ शोधला, त्यावरून लिहिला. आणि काकाला कळावं म्हणून कुठल्या वाफ्यात काय पेरलं ते एकाखाली एक न लिहिता नीट वाक्यांत सांगितलं. सुट्टीत भाषा टिकवायची म्हणजे दुसरं काय करायचं असतं?

पुढचं लिहिताना अजूनही मन दुखतं. काकाची पुढची प्रतिक्रिया यायच्या आतच मला वरून फोन आला. मुलांच्या नावावर उद्या काही वेडंवाकडं छापून आलं तर जबाबदार कोण, आणि शिवाय मराठीतच कशाला, कुणी तक्रार केली म्हणजे? मी सांगितलं की त्याच ब्लॉगवर मुलांनी कन्नडमध्येही लिहिलं आहे, आमच्या कन्नडच्या बाईंनी ते तपासलं आहे, उघडून बघा तरी. उघडून कुणी बघितलं नाही. लेखी आदेश नाही, कारण नाही, फक्त बंद करा. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण शिक्षिकेला त्रास नको, म्हणून बंद केलं. पुढच्या वेळी ती मुलगी वही घेऊन मंडपात आली. रोहिणीचा पाऊस लागला आणि भात वर आलं, हे तिनं काकासाठी लिहून आणलं होतं. तिला काय सांगायचं, ते मला सुचेना. भाषेच्या प्रश्नावर आपल्या भागात मोठमोठी माणसं कोर्टात आणि रस्त्यावर लढत आहेत. सहावीतल्या पोरीनं भातपेरणीवर लिहिलेल्या पानात कुणाला काय भीती वाटावी?

घटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं म्हटलं आहे. ती सोय फक्त शाळेच्या घंटेपुरती असते का?

जाता जाता वाचनालयाचंही सांगते, कारण ते याच्याशीच जोडलेलं आहे. कर्नाटक सरकारनं २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) नावानं गावच्या मुलांना पंचायतीच्या वाचनालयाकडे वळवण्याची योजना काढली. योजना चांगली आहे, याबद्दल माझं दुमत नाही. आमच्या गावच्या वाचनालयाला आता ‘अरिवु केंद्र’ (ज्ञान केंद्र) अशी पाटीही लागली आहे. आत कॉम्प्युटर आहे, त्यावर कापड घातलेलं असतं. मराठी पुस्तकांचा एकच कप्पा, त्यातली अर्धी मोठ्यांची. आणि ऐन सुट्टीत, जेव्हा मुलं मोकळी असतात, तेव्हा सकाळी दाराला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. मुलांना बसायला पंखा, लिहायला कॉम्प्युटर आणि लक्ष द्यायला एक माणूस, एवढं तिथेच मिळालं तर माझ्या फोनची आणि देवळाच्या मंडपाची गरजच पडणार नाही. पंचायत सदस्यांनी हे वाचावं, अशी इच्छा आहे.

आणि संपादक महोदय, थोडं आपल्या वृत्तपत्राविषयी. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना आपण भरभरून जागा देता. ती द्यायलाच हवी, त्या संमेलनांनी आमच्या गावांत मराठी जागती ठेवली आहे. पण रविवारचं मुलांचं पान एप्रिल-मेमध्ये क्लासच्या जाहिरातींनी निम्मं भरतं आणि उरलेल्या निम्म्यात कुठून तरी आणलेली कोडी असतात. आपल्या भागातल्या मुलाचं एक वाक्य त्यात दिसत नाही. कालच्या लेखाला आपण चार कॉलम दिले. येत्या सुट्टीत त्यातला एक कॉलम दर रविवारी मुलांना द्या. जांबोटीकडचं मूल काजू गोळा करण्यावर लिहील, निपाणीचं तंबाखूच्या वखारीवर लिहील, बेळगुंदीचं यात्रेवर लिहील. मूळ मजकूर शाळेच्या ब्लॉगवर राहू द्या आणि निवडक चार ओळी आपण छापा. वर्तमानपत्रात छापून येतं म्हटल्यावर ‘बंद करा’ म्हणून फोन करणाऱ्यांनाही जरा विचार करावा लागेल.

टाइप करणं, तपासणं, प्रतिक्रिया वाचून मगच पुढे पाठवणं, हे सगळं काम मी विनामोबदला करायला तयार आहे. माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या आणखी शिक्षिकाही तयार होतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आपल्या कार्यालयातल्या कुणी या आठवड्यात फोन केला तरी चालेल, नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे. तो कृपया छापू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव