नोनीच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

मागे फोनवर तू म्हणालास, "या पॉपस्टार लोकांना कसलं आलंय दुःख? पैसा आहे, नाव आहे, मागेपुढे माणसं आहेत." तेव्हा तो विषय तसाच राहिला. काल 'बियाँड द लाइट्स' पाहिला आणि तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

जीना प्रिन्स-बाइथवूडचा २०१४ चा सिनेमा. सुरुवात लंडनमध्ये. छोटी नोनी गाण्याच्या स्पर्धेत निना सिमोनचं 'ब्लॅकबर्ड' गाते, अगदी जीव ओतून. दुसरा नंबर येतो. बाहेर पडल्यावर आई तिला ती ट्रॉफी फेकून द्यायला लावते. हीच आई आदल्या रात्री, लेकीचे कुरळे केस कसे आवरायचे ते कळेना म्हणून, तिला घेऊन सलूनमध्ये धावलेली असते आणि तिथल्या बाईला गयावया करत असते. एकाच बाईची ही दोन रूपं पाहून मी हबकलो. ती दुष्ट नाही रे. एकटीनं पोर वाढवतेय, आणि लेक कुणाच्याही मागे राहता कामा नये हे तिनं मनाशी पक्कं केलंय.

मग एकदम मोठी नोनी दिसते. जांभळे खोटे केस, अंगावर जेमतेम कपडे. एका रॅपरबरोबरच्या गाण्याला पुरस्कार मिळालाय, स्वतःचा अल्बम अजून यायचाच आहे. त्याच रात्री ती हॉटेलच्या बाल्कनीतून जीव द्यायला निघते. ड्युटीवरचा पोलीस, काझ, तिचा हात धरून तिला वर ओढतो. पुढचं बघताना माझा संताप झाला. प्रेसला सांगायचं, पोरगी प्यायलेली होती, तोल गेला. काझलाही तेच बोलावं लागतं. ती तिथवर का पोचली यापेक्षा अल्बमचं काय होणार, याचीच सगळ्यांना धास्ती.

तू म्हणतोस ना, मागेपुढे माणसं असतात? असतात, पण त्यातल्या बहुतेकांचं पोट तिच्या गाण्यावर चालतं. 'आता थांब' हे तिला सांगणार कोण? सिनेमातलं सोड, खऱ्याखुऱ्या अमेरिकी पॉपस्टार ब्रिटनी स्पीअर्सचं बघ. २००८ पासून २०२१ पर्यंत तिच्या पैशाचे आणि आयुष्याचे निर्णय कोर्टाच्या हुकमानं दुसऱ्यांच्या हातात होते, त्यातली बरीच वर्षं तिच्या वडिलांच्या. स्वतःचं बघण्याइतकी ती धड नाही, असं एकीकडे मानायचं आणि दुसरीकडे तिचे अल्बम काढायचे, लास व्हेगासला वर्षानुवर्षं तिचे शो लावायचे! जून २०२१ मध्ये तिनं कोर्टाला सांगितलं की मनाविरुद्ध आपल्याला काम करायला लावलं. मला तर हे कुठल्याही पटकथेपेक्षा भयंकर वाटतं.

सिनेमा निर्दोष नाही. काझच्या राजकारणात उतरण्याचा भाग रेंगाळतो, शेवट जरा जास्तच गोड आहे. पण त्याचे वडीलही त्याला आपल्याला हव्या त्या वाटेवर ढकलताहेत, म्हणून तो आणि नोनी एकमेकांचं दुखणं ओळखतात, हे मात्र पटतं. मधे एकदा नोनी ते खोटे केस, ती खोटी नखं सगळं काढून टाकते आणि तिचे स्वतःचे कुरळे केस दिसतात. नोनी झालेली गुगु म्बाथा-रॉ तिथं फारसं काही बोलत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर आधी भीती येते आणि मग हळूहळू सुटकेची भावना. पुढे ती 'ब्लॅकबर्ड' पुन्हा गाते. ते कसं, हे मी सांगणार नाही.

तू बघच. आणि त्यानंतरही तुझं म्हणणं तेच असेल, तर लगेच फोन कर; या वेळी मी विषय सोडणार नाही.

तुझाच,
जुना मित्र