दादा, तुझा डीव्हीडी रायटर स्लो नाहीये

प्रिय दादा,

काल वहिनी फोनवर म्हणाली की तीन रात्री झाल्या तू कॉम्प्युटर चालू ठेवून झोपतोयस, त्या पंख्याची घरघर, वर आईचं लाइटबिलावरून सुरू, आणि एवढं करून डीव्हीडी झाल्या चारच. बाबांची साठीशांत तोंडावर आलीये, आईने वीस जणांना आपल्या हँडीकॅमच्या कॅसेटच्या डीव्हीडी कबूल करून ठेवल्यात, म्हणून लगेच लिहायला बसले, इथे श्टुटगार्टला रात्रीचे अकरा वाजलेत.

अरे रायटर स्लो आहे समजून तो बदलायला लॅमिंग्टन रोडला अजिबात जाऊ नकोस. ८ एक्स स्पीडला एक डिस्क राइट व्हायला आठ-दहा मिनिटंच लागतात. वेळ खातंय ते कन्व्हर्ट होणं. हँडीकॅमच्या कॅसेटवर डीव्ही फॉरमॅटचा व्हिडिओ असतो, तासाला साधारण १३ जीबी, डीव्हीडीसाठी त्याचं एमपेग-२ (दाबून लहान केलेला व्हिडिओ) करावं लागतं आणि तू हे प्रत्येक कॉपीला पहिल्यापासून करतोयस! वीस पोळ्या करायच्या तर पुरण वीस वेळा शिजवतं का कोणी? एकदाच कन्व्हर्ट कर, डिस्कवर न टाकता आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) म्हणून हार्ड डिस्कवर सेव्ह कर, मग तीच फाइल वीस वेळा राइट करायची बस. १६ एक्सच्या मोहात पडू नको, काकांचा जुना प्लेअर अडकला की फोन मलाच येणार.

आणि सेटिंगमध्ये बघ, एनटीएससी (अमेरिकेतलं टीव्हीचं स्टँडर्ड) तर नाही ना? आपला कॅमेरा पाल (आपल्याकडचं स्टँडर्ड), सेकंदाला २५ फ्रेम, कॉम्प्युटर उगाच त्याचे २९.९७ करत बसला तर वेळही जातो आणि चित्रपण झटके खातं. टू-पास (अख्खा व्हिडिओ दोनदा चाळून कन्व्हर्ट करणं) काढून टाक, ते जागा कमी असेल तेव्हा कामाचं, तासाची कॅसेट ८ एमबीपीएसने (सेकंदाला ८ मेगाबिट) ३.६ जीबी होते, ४.७ च्या डिस्कवर आवाजासकट आरामात बसते. चित्र साफ करायचा तो नॉइज फिल्टर पण बंद, सगळ्यात जास्त रेंगाळतं ते त्याच्यामुळेच.

कॅसेटवरून फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर घ्यायला मात्र तासाला तास लागणारच, त्याला इलाज नाही, तेवढ्यात मामलेदारची मिसळ खाऊन ये (माझ्या वाटची पण खा).

फक्त तलावपाळीच्या दिवाळी पहाटेची कॅसेट वेगळी ठेव. अंधारात काढलीये, नुसते दाणे दिसतात, तिथे फिल्टर चालू ठेव आणि टू-पास पण कर, लागू दे रात्र. आणि आजी "मेल्या, ते यंत्र ठेव खाली आणि चकली खा" म्हणते ते कापू नकोस, हललेलं असलं तरी. त्या एका रात्रीचं वहिनीला मी सांगते.

माझी एकविसावी कॉपी धर, इथल्या प्लेअरवरपण पाल चालतं.

तुझी,
छोटी