लिश्टहाइमबाई, सा. न. वि. वि.

आदरणीय मिरियम लिश्टहाइमबाई,

वरच्या चार अक्षरांचा अर्थ तुम्हाला फोडून सांगावा लागणार नाही. इजिप्तच्या लेखनिकांचाही हाच कंटाळा होता. राजाचा उल्लेख आला की पुढे ‘आयुष्य, भरभराट, आरोग्य’ लिहायलाच हवं, आणि ते दर ओळीला कोण लिहीत बसणार? म्हणून तीन चिन्हांत उरकायचे.

तुम्ही 2004 मध्ये गेलात. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण गेलेल्यांना पत्र लिहिण्याचा रिवाज तुम्ही ज्यांचे ग्रंथ वाचत आणि इंग्रजीत आणत आयुष्य काढलंत त्या प्राचीन इजिप्शियन लोकांचाच. मातीच्या वाडग्यावर मजकूर लिहायचा, त्यात नैवेद्य वाढायचा, म्हणजे खाता खाता वाचून होईल. पण ती पत्रं बहुतेक गाऱ्हाण्यांची. वारसाहक्कावर कुणी हात मारला आहे, घरात आजारपण आहे, तिकडून काही बघा. लायडनच्या संग्रहालयातल्या एका पपायरसवर तर एक नवरा मेलेल्या बायकोलाच जाब विचारतो, की मी तुझं काय वाईट केलं म्हणून माझ्या मागे लागली आहेस? त्यांतलं आभाराचं पत्र माझ्या तरी वाचनात नाही.

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संस्कृतात एम. ए. केलं, मग जुनी इजिप्शियन भाषा शिकण्याचं वेड लागलं आणि त्यातच संशोधन करायचं ठरवलं. एका मुलाखतीत विचारलं गेलं, ‘हे शिकून काय, ममी उठवणार का?’ सगळे हसले. मीही हसले, तेच अजून सलतं. पुढे ग्रंथालयातली नोकरी मिळाली, ती घेतली. गार्डिनरच्या 1927 सालच्या इजिप्शियन व्याकरणाची झेरॉक्स घरी होती, 33 धड्यांची. दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा मध्येच बंद पडलं. गिधाड आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शिकारी पक्षी यांतला फरक रात्री साडेदहाला दिव्याखाली शोधून बघावा, म्हणजे कळेल.

शिवाय आपली देवनागरी इथे भलतीच आडवी येते. इजिप्शियन लिपीत स्वर लिहीतच नाहीत. युरोपातल्या लोकांनी सोयीसाठी मध्ये ‘ए’ घालून ‘नेफेर’ केलं, म्हणजे चांगलं, सुंदर. मी वहीत न, फ, र लिहिलं की अ आपोआप चिकटतो आणि होतं ‘नफर’, म्हणजे आपल्या जुन्या मराठीत नोकर. सुंदर राणीचा एका क्षणात गडी होतो. सगळ्या अक्षरांचे पाय मोडत बसले. त्यातून त्यांचे ‘ह’ चार प्रकारचे, आपल्याकडे एक.

मग मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर तुमच्या भाषांतरांचा पहिला खंड मिळाला, 1973 चा. त्यातली पहिली मदत अगदी किरकोळ वाटेल अशी होती: कंसातले आकडे. भाषांतराच्या ओघात मूळ हस्तलिखिताच्या ओळींचे क्रमांक तुम्ही घालत गेलात. शिक्षक नसलेल्या माणसाला ते आकडे म्हणजे अंधाऱ्या जिन्याचा कठडा. जहाज फुटून बेटावर लागलेल्या खलाशाची गोष्ट मी त्या आकड्यांना धरून वाचली. तिची एकच प्रत उरली आहे. तीस हात लांबीचा, सोन्याने मढलेला, दाढीवाला नाग त्या खलाशाला सांगतो की आकाशातून तारा पडला आणि माझं सगळं कुटुंब जळून गेलं, मी तेवढा त्यांच्यात नव्हतो. हे वाक्य मी तुमच्या इंग्रजीतून नव्हे, चिन्हांवर बोट ठेवून वाचलं. तुमचं पान झाकून ठेवलं होतं. त्या रात्री तिसरा प्रयत्न बंद पडणार नाही एवढं कळलं.

दुसरी मदत समजायला बरीच वर्षं लागली. प्ताहहोतेप या प्राचीन वजिराच्या उपदेशात एक जागा आहे: चांगलं बोलणं हिरव्या रत्नाहून दडलेलं असतं, तरी ते दळणाच्या दगडांपाशी बसलेल्या दासींकडेही सापडतं. हे वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काय येणार? जातं, पहाट आणि ओवी. मी आनंदाने ‘जात्यावरच्या दासी’ लिहिलं आणि आठवडाभर त्यावर खूश होते. मग थडग्यांत ठेवलेल्या त्या दळणाऱ्या बायांच्या मूर्ती पाहिल्या. गुडघ्यांवर बसून, पाट्यावर वरवंटा चालवावा तसा दगड पुढेमागे रेटताहेत. फिरतं जातं त्या काळी इजिप्तात नव्हतंच. खुंटा नाही, घरघर नाही, मग माझी ओवी कुठली? तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही नुसता ‘दळणाचे दगड’ अशा अर्थाचा साधा शब्द ठेवलेला. त्यात काही चमकत नाही आणि काही चुकतही नाही. मी ‘जातं’ खोडलं. बाई, जिवावर आलं होतं.

तुमच्या आयुष्याची हकिकत मी यानंतर शोधली. 1914 मध्ये इस्तंबूलमध्ये जन्म. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोलोत्स्कींकडे इजिप्शियन भाषेचं शिक्षण, 1941 मध्ये अमेरिका, शिकागोची डॉक्टरेट. आणि मग ग्रंथालय! आधी येल, नंतर बर्कली. व्याख्यानं देत होतात, पण 1974 मध्ये निवृत्त होईपर्यंत हुद्दा ग्रंथालयातलाच. मधल्या काळात, 1957 मध्ये, इजिप्तमधल्या मेदिनेत हाबू इथे सापडलेल्या खापरांवरच्या लेखनाचं पुस्तक. लेखन डेमॉटिक या रोजच्या व्यवहाराच्या लिपीतलं, त्यात कराच्या पावत्या. पहिला खंड आला तेव्हा तुम्ही एकोणसाठ वर्षांच्या होतात, तिसरा 1980 मध्ये, सहासष्टाव्या वर्षी. आज जगभर या विषयात पाऊल टाकणारी मुलं ज्या भाषांतरांतून येतात, ती ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईने केली आहेत, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? त्या दिवशी पुस्तकं परत घेण्याच्या टेबलामागे मी जरा ताठ बसले. दुपारपर्यंत टिकलं.

पोलोत्स्कींच्या वर्गाबद्दल तुम्ही लिहिलेलं मी विसरत नाही. वर्षाच्या सुरुवातीला चार विद्यार्थी, शेवटी तुम्ही एकट्या. त्यांचा कॉप्टिकच्या, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपाच्या, वाक्यरचनेवरचा 1944 चा शोध मला इंग्रजी स्पष्टीकरणांतून कधीच नीट कळला नाही. काही क्रियारूपं अशी असतात की वाक्याचा भर क्रियेवर नसतो, ती कधी, कुठे, कशी झाली यावर असतो, आणि क्रियापद तिथे नामासारखं वागतं. एकदा बस चुकली आणि शेजारचे आजोबा म्हणाले, ‘आली ती उशिराच, गेली ती न थांबताच.’ तिथेच कळलं. आली हे माहीतच आहे, बातमी आहे ती ‘उशिरा’.

माझ्याकडेही रविवारी घरी चौघं शिकायला येत. इतिहासाच्या दोन मुली परीक्षेनंतर आल्या नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलाला पिरॅमिडमधली गुप्त ऊर्जा हवी होती, त्याला मी क्रियापदं देत राहिले. उरल्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. आकड्याला आकडा जुळल्याशिवाय त्या उठत नाहीत, आणि वयाने मोठ्या असून मला ‘मॅडम’ म्हणतात.

आम्ही खलाशाच्या गोष्टीच्या शेवटाला आलो आहोत. खलाशी ही गोष्ट आपल्या खचलेल्या अधिकाऱ्याला धीर द्यायला सांगत असतो. एवढं सगळं ऐकून तो अधिकारी म्हणतो, शहाणपणा पुरे मित्रा, सकाळी जे कापायचं त्याला पहाटे पाणी कशाला? काकूंनी झटकन लिहिलं, ‘कोंबडीला’. मी म्हटलं, कोंबडी तेव्हा नाईलकाठी आलेली नव्हती. मग ‘बदक’? तुमच्या इंग्रजीत ‘goose’ आहे, ते बदक नव्हे. ‘हंस’ लिहिलं तर काकू म्हणाल्या, हंस कापायचा म्हणजे कसंसंच होतं, मॅडम, सरस्वतीचं वाहन ते. मूळ शब्द नुसता ‘पक्षी’ असाही घेता येतो, पण कापायला धरलेल्याला कुणी पक्षी म्हणतं का?

जागा पेन्सिलीने रिकामी सोडली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसू. वाडगा नाही, पण टेबलावर पोह्यांची बशी असते.

आपली,
रविवारच्या वर्गाची ग्रंथपाल