त्या बाटलीबद्दल

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तुझी बॅग मी उघडायला नको होती. चार्जर शोधत होतो, हाताला ती अर्धी रिकामी काचेची बाटली लागली. लेबलावर टेस्टोस्टेरॉन. मग माझा आवाज चढला आणि तू दार आपटून गेलास. मला खरं तर एवढंच विचारायचं होतं, किती घेतलीस?

हे संप्रेरक काही विष नाही रे. १३ वर्षांचा होतास, फोन उचललास आणि मावशीला वाटलं मीच बोलतोय. तू लाजून आत पळालास, मी मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तेव्हा तुझ्या वृषणांत तेच तयार व्हायला लागलं होतं. आवाज, दाढी, स्नायू, हाडांची मजबुती, शुक्राणू, सगळं त्याच्याच जोरावर. ज्यांच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, त्यांना डॉक्टर देतातही, पण वेळोवेळी रक्त तपासून.

तुझ्या शरीरात ते तयार होतंय. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती वृषणांना तसा निरोप धाडते. बाहेरून सुई घेतली की तिला वाटतं, भरपूर आहे, आणि निरोप थांबतो. मग वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. सुई सोडल्यावरही गाडी रुळावर यायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होतं. जास्तीच्या काही भागाचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक होतं, त्याने पुरुषाचेही स्तन वाढतात. किती महिने झाले, सोन्या?

बघ, पुन्हा सुरू झालो. चुकलं माझं.

पहाटे पाचचा गजर तू एकदाही चुकवत नाहीस. अण्णांचा नेम असाच होता. पायऱ्यांवरून तुझी पावलं उतरताना ऐकू येतात तेव्हा मी जागाच असतो. हे तुला कधी सांगितलं नाही. ते खांदे तुझ्या घामाचे आहेत, असंच मी समजत होतो. अजूनही बरेचसे तुझ्याच घामाचे असतील.

आईला मी काही बोललेलो नाही.

पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना भेट. शनिवारी सकाळी रक्त देऊन येऊ. ही पातळी सकाळी सर्वांत जास्त असते, म्हणून तपासणी सकाळीच करतात. तुला आत एकट्याने बोलायचं असेल तर मी बाहेर थांबेन. किती घेतलीस ते त्यांना खरं सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

बाटली होती तिथेच ठेवली आहे.

तुझा
बाबा