‘पट्टेरी’ कोणाला म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका घराच्या ओट्याखाली सापडलेल्या सापाच्या बातमीला ‘पट्टेरी मण्यार पकडली’ असा मथळा होता. छायाचित्रात मात्र नेहमीची मण्यार होती. तिच्या अंगावर पट्टे असतात हे खरे, पण ‘पट्टेरी मण्यार’ हे वर्णन नव्हे, ते वेगळ्याच सापाचे नाव आहे. काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचा आणि बोथट शेपटीचा तो साप आपल्याकडे पूर्व विदर्भात आढळतो, तर आपल्या घरादारांत निघणाऱ्या मण्यारीच्या निळसर काळ्या अंगावर पांढरे, बारीक आणि बहुधा जोडीजोडीने आलेले पट्टे असतात.

काटा असलेले ते काटेरी, तसे पट्टे असलेले ते पट्टेरी. (ठिपक्यांच्या वाट्याला मात्र ‘दार’ आले, ‘ठिपकेरी’ कोणी म्हणत नाही.) खेड्यापाड्यांत बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणून ‘पट्टेरी वाघ’ असे फोड करून सांगावे लागते. तेथे हे विशेषण शोभेचे नसून दोन जनावरांतला फरक सांगणारे असते, आणि मण्यारीच्या बाबतीतही त्याचे काम तेच आहे.

शब्दाची एक उणीवही आहे. पट्टे आडवे की उभे, हे तो सांगत नाही. नानेटीच्या पाठीवरून दोन पिवळसर पट्टे लांबीच्या दिशेने शेपटीकडे जातात, मण्यारीचे आडवे असतात. शब्दार्थाने दोघीही पट्टेरीच, परंतु नानेटी बिनविषारी आहे आणि मण्यारीचा दंश रात्री झोपेत कित्येकदा जाणवतही नाही.

आमच्या न्हाणीघरात निघालेला एक साप शेजाऱ्यांनी ‘पट्टे आहेत, मण्यारच’ म्हणून काठीने ठेचला. नंतर विजेरीच्या उजेडात पाहिले, तर अंग तपकिरी होते, पट्टे थेट मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेले होते. तो बिचारा कवड्या होता, बिनविषारी. मण्यारीचे नेमके उलट असते: मानेजवळ पट्टे अस्पष्ट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ते ठळक होत जातात. अर्थात एवढ्या ओळखीवर कोणी साप हाताळू नये, सर्पमित्रालाच बोलवावे.

आपल्या वार्ताहरांनी ‘पट्टेरी मण्यार’ हे नाव त्याच सापासाठी राखून ठेवावे आणि इतर सापांविषयी लिहिताना पट्टे आडवे की उभे, कोणत्या रंगाचे आणि कोठून सुरू होणारे, एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा